हवा लागू नये म्हणून

२४ नोव्हेंबर १९८५, रविवार

निमूला नागपूरहून घेऊन आलो. आठवा संपून नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच, पण विहीणबाईंनी तिला सोडायला दोन दिवस लावले. "भोपाळात बाळंतपण? लोक तिथून पोरं काढून आणताहेत आणि तुम्ही पोर तिथे नेताय?" असं तोंडावर म्हणाल्या. मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणूनच आला असेल. जावई हेमंतराव खाली मान घालून सुपारी कातरत बसले होते. शेवटी मी म्हणालो, "आमची टाउनशिप त्या भागापासून लांब आहे. आणि माझ्या मुलीला, तिच्या बाळाला मी तिथली हवा लागू देणार नाही, हा काशिनाथचा शब्द आहे." गाडीत आमची सौ. सुमित्रा म्हणाली, "असले शब्द कशाला देता हो? हवा काय तुमच्या कारखान्यात बनते?"

भोपाळ स्टेशन आलं तेव्हा निमूला ओला रुमाल नाकाला धरायला लावला. फलाटावर लोक निवांत पोहे-जलेबी खात होते. निमू रुमालाआडून हसत होती. हसू दे.

कारखान्यात पाळीची वही मी एकोणीस वर्षं लिहितोय. तांब्याची कॉइल कुठली, तिच्यावर इन्सुलेशनच्या टेपचे थर किती, भट्टीत किती तास, सगळं त्यात असतं. घरची वही आजपासून. काही झालंच तर कधी झालं ते तरी कळेल.

२ डिसेंबर, सोमवार

आज रात्री त्या गॅसला वर्ष पुरं होईल. कारखान्यात कुणी त्याबद्दल बोललं नाही. डबा खाताना सगळे क्रिकेटवर बोलत होते.

आम्हांला काही झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. वारा आमच्या बाजूचा नव्हता. पहाटे कुणीतरी दार बडवलं, "भागो, गैस निकल गई", एवढंच ऐकू आलं. सुमित्राला स्कूटरवर बसवलं आणि रायसेन रोडला लागलो. शेजारच्या सुधाकरची म्हातारी आई खिडकीतून ओरडली होती, "काशिनाथ, काय झालं रे?" मी थांबलो नाही. दुपारी परत आलो तर ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "आलास? चहा घेतोस?" सुधाकर उन्हाळ्यात बदली घेऊन तिला घेऊन गेला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

तेव्हापासून झोपण्याआधी मी खिडकीच्या फटींना हात लावून बघतो. गार लागलं की छातीत धडधडतं. सुमित्राला वाटतं मी कडी बघतोय.

५ डिसेंबर, गुरुवार

थंडी पडली आणि धूर सुरू झाला. दर हिवाळ्यात असतो, पण यंदा मी त्याच्याकडे बघतोय. आमच्या क्वार्टर्सची ओळ टाउनशिपच्या अगदी सखल भागात, नाल्याच्या काठी, तीन बाजूंनी टेकाड. संध्याकाळी पाचला प्रत्येक अंगणात दगडी कोळशाची शेगडी पेटते. तो धूर वर जातच नाही. वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत चढतो आणि तिथे आडवा पसरून बसतो. नाल्यापलीकडच्या वीटभट्ट्यांचा धूरही त्याला येऊन मिळतो. सकाळी आठपर्यंत हलत नाही. घशात खवखव, तोंडात राखेची चव.

टेस्टिंगमधल्या अच्युतरावांना विचारलं. पुस्तकं वाचणारा माणूस. म्हणाले, "उलटा कारभार आहे काशिनाथराव. एरवी वर जावं तसं गार लागतं. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, गार हवा जड, ती टेकाडावरून घरंगळून खोलगट जागेत येऊन बसते. वर उबदार हवेचं झाकण. झाकणाखाली जे सोडाल ते तिथेच राहणार. डोंगरातल्या दऱ्यांत तर लोक आठ-आठ दिवस अडकतात त्यात."

"आणि मरतात?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तसं झालंय काही ठिकाणी. पण आपली टेकाडं कसली, उंचवटे आहेत नुसते."

त्यांनी असंही सांगितलं, की गेल्या वर्षीच्या रात्रीही वर असंच झाकण असणार. ते ऐकल्यापासून मला जेवण गेलेलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

अच्युतरावांकडून दोन थर्मामीटर आणले. एक अंगणात तुळशीपाशी टांगला. दुसरा घेऊन सकाळी सहाला पाण्याच्या टाकीवर चढलो. टाकीचा ऑपरेटर ओळखीचा आहे, तरी म्हणाला, "साहब, इस उमर में?" खाली साडेपाच अंश. वर दहा. पुन्हा बघितलं, दहाच.

वर आकाश स्वच्छ होतं, हवा गोड होती. खाली आमची ओळ दिसतच नव्हती. दुधावर साय धरावी तसा धूर, आणि त्या सायीखाली माझी पोर झोपलेली. शिडी उतरताना ऑपरेटरला हात द्यावा लागला.

१२ डिसेंबर, गुरुवार

मुलगा! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. दोन किलो नऊशे. निमू सुखरूप. डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडतो असा की दोन वॉर्ड पलीकडे ऐकू यावं. नागपूरला तार केली. सुमित्राने मारुतीला नारळ फोडला. मी आज कशालाच घाबरलो नाही.

१५ डिसेंबर, रविवार

उद्या दोघं घरी येतील. आतली खोली तयार केली, कामाची पद्धत इथे लिहून ठेवतो.

स्क्रॅपमधली सुती टेप रीतसर गेटपास काढून आणली. बाहेरचा कुणी कॉइल गुंडाळतो तेव्हा टेपच्या कडेला कड लावतो, आणि तिथेच फट राहते. आम्ही निम्म्यावर निम्मी चढवतो. दोन्ही खिडक्या तशाच बंद केल्या, खळ लावून, तीन थर. व्हार्निश लावलं असतं तर आणखी पक्कं झालं असतं, पण बाळाला वास सोसणार नाही. मग उदबत्ती पेटवून प्रत्येक चौकटीवरून फिरवली. धूर रेषेसारखा सरळ वर गेला, कुठेही हलला नाही. पंचवीस हजार व्होल्टच्या कॉइलला मी इतकं जपलेलं नाही.

सुमित्राने शेक-शेगडी काढली. निमूच्या जन्माच्या वेळी माझ्या सासूबाईंनी यवतमाळहून पाठवलेली, लोखंडी, बुटकी, बाळंतिणीच्या खाटेखाली बरोबर बसते. तिला मी एकच अट घातली: दगडी कोळसा नाही, लाकडी कोळसाच, आणि तो अंगणात पुरता पेटून धूर गेल्यावरच आत आणायचा. खोलीत धुराचा एक कण नको. ती म्हणाली, "मला शिकवा आता!"

१८ डिसेंबर, बुधवार

मालिशवाली ठेवली. हाजरा बी, पन्नाशीची, गॅस लागलेल्या छोला वस्तीतून टेम्पो बदलत येते. चाळीस दिवसांचं बोलणं झालंय. हात चांगला आहे, बाळ तिच्या पायांवर पसरून मजेत अंघोळ करतं. पण ती त्या वस्तीतली. तिचे डोळे सारखे पाणावतात, जिना चढल्यासारखा दम लागतो. तिची चादर मी बाहेरच ठेवायला सांगितली आणि हात साबणाने दोनदा धुवायला लावले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि धुतले. मला लाज वाटली, पण उद्याही धुवायला लावणार आहे.

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्याबरोबर म्हणाली, "बाबूजी, ये जच्चाखाना है के तिजोरी?"

मी म्हणालो, "बाहर का धुआँ देखा?"

"धुआँ तो दिखता है," ती म्हणाली, "दिखनेवाले से आदमी बच लेता है." बडबडी आहे.

२२ डिसेंबर, रविवार

सुट्टी. दिवसभर खोलीत निमूजवळ बसलो, बाळाला मांडीवर घेतलं. संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात. धूर कुठून तरी आत येतोय, नक्की. खोली तर बंद आहे. मग दार! दाराखाली बोटभर फट आहे. तिथे गोधडीची गुंडाळी ओली करून ठोकून बसवली. निमूचंही डोकं चार दिवस दुखतंय, आज ओकारी झाली. सुमित्रा म्हणते बाळंतपणाचा अशक्तपणा. मी तिला टाकीवरचे आकडे दाखवले. ती म्हणाली, "आकडे डोक्याला चोळू का?"

बाळ मात्र शहाणं. रडत नाही, झोपून असतं. शेजारच्या लीलाताई म्हणाल्या, "किती शांत पोर! आणि गाल बघा, सफरचंद." घराण्यात इतकं गोरं-गुलाबी कुणी नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

कारखान्यात डोकं अजिबात दुखलं नाही. कारखान्यात! जिथे व्हार्निशच्या भट्ट्या आहेत! म्हणजे आमची सखल ओळच वाईट. वरच्या भागातलं क्वार्टर मिळावं म्हणून अर्ज दिला. बाबू म्हणाला, मार्चनंतर बघू.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज घाबरून अर्धमेला झालो. बाळाचं वजन आणि लस यांसाठी दवाखान्यात जायचंच होतं, आणि नेमका आजच धूर असा की रिक्षावाल्याने दिवा लावला. निमू आणि बाळ त्यात अर्धा तास जाताना, अर्धा तास येताना. मी स्कूटरवरून मागे. ओला पंचा निमूच्या तोंडावर, पण बाळाच्या तोंडावरचा ती सारखी काढत होती.

वजन वाढलेलं नाही. उलट थोडं घटलंय. बाई डॉक्टर म्हणाल्या, "दूध ठीक से नहीं खींच रहा, जगा-जगाकर पिलाइए. और सिरदर्द न जाए तो सोमवार को फिर दिखाइए."

गंमत अशी की घरी येईस्तोवर निमूचं डोकं थांबलेलं. अंगणात बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या, हसली, माझी नक्कलही केली. बाळ घसा फोडून रडलं. सुमित्रा म्हणाली, "फिरून आल्याने बरं वाटलं तिला." मी म्हणालो, औषधाचा गुण. टॉनिकची बाटली कालच उघडली होती ना. रात्री पुन्हा डोकं सुरू. उद्यापासून टॉनिक दोन चमचे द्यायचं.

२९ डिसेंबर, रविवार

हाजरा बीला काढलं.

मी दळण घेऊन आलो तर खोलीची खिडकी सताड उघडी. माझी टेप, तीन थर, सोलून खाली लोंबत होती. धूर आत. ती बाळाला खिडकीशी धरून उभी. मी ओरडलो. आयुष्यात बाईमाणसावर असा ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, "बच्चा सुस्त है बाबूजी, इसे हवा चाहिए. मैंने देखे हैं सुस्त बच्चे. पिछले साल बहुत देखे."

"तुम्हारी बस्ती की हवा हमें मत सिखाओ," मी म्हणालो.

लिहिताना हे वाक्य डोळ्यांसमोर आलं. पण मागे कसं घेणार? तिने बाळ निमूला दिलं, चादर उचलली. दारातून निमूला म्हणाली, "बेटी, चालीस दिन का कहा था मैंने." आणि गेली. निमू रडत होती. मला म्हणाली, "बाबा, मला खरंच इथे गुदमरतं हो." मी तिला समजावलं की गुदमरतं ते धुरामुळे, आणि म्हणूनच खिडकी बंद. तिने मान फिरवली.

टेप पुन्हा लावली. या वेळी चार थर.

१ जानेवारी १९८६, बुधवार

खाली साडेतीन अंश, टाकीवर नऊ. इतका फरक कधीच नव्हता. अच्युतराव म्हणाले, झाकण घट्ट बसलंय, वारा सुटेपर्यंत असंच. या धुरामुळेच सोमवारी निमूला दवाखान्यात नेलं नाही. कारखान्यातून येताना स्कूटरपुढचं दिसेना. गेल्या वर्षीसारखंच. लोक तोंडाला मफलर गुंडाळून भुतांसारखे चालले होते.

घरी येऊन सगळी खोली पुन्हा तपासली. एकच जागा राहिली होती, दारावरचा झरोका. वीतभर, जाळीचा. इतके दिवस माझ्या लक्षात कसा आला नाही! उदबत्ती धरली तर धूर सळसळत त्यातून बाहेर ओढला जात होता. म्हणजे तिथून हवा येत-जात होती. पुठ्ठा कापला, टेपने बसवला. आता खोली खरोखर पक्की झाली. थंडी फार म्हणून सुमित्राने शेगडी आज काठोकाठ भरली. निखारे कसे लालबुंद, धुराचं नाव नाही. ती निमूजवळच झोपते. मी बाहेरच्या खोलीत. निमू कितीही कुरकुरो, आज मी निर्धास्त झोपणार.

५ जानेवारी, रविवार

तीन दिवस लिहिता आलं नाही. सगळं लिहायचं असं ठरवलंय.

गुरुवारी सकाळी साडेसहाला उठलो. आतून आवाज नाही. दार ढकललं, गोधडीमुळे अडलं. खांदा लावून उघडलं. सुमित्रा जमिनीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून, पदरावर ओकारी. माझ्याकडे बघत होती पण ओळखत नव्हती. निमू खाटेवर. हलवलं, हाक मारली, गालावर मारलं. उठेना. बाळ तिच्या कुशीत, लाल-गुलाबी, आणि मान सैल.

मला वाटलं, आला. तो आला. बाहेर खिडकीच्या काचेला धूर टेकला होता. मी काय केलं? दार पुन्हा लावून घेतलं. गोधडी पायाने आत सारली. तांब्यातलं पाणी पंच्यावर ओतलं आणि ओला पंचा निमूच्या नाकातोंडावर दाबला. बाळाच्याही. त्या रात्री ज्यांनी ओली फडकी धरली ते वाचले, असं सगळे सांगतात. मग पुढच्या दाराकडे जायला उठलो आणि खोलीच्या कडीवर हात ठेवून उभा राहिलो. उघडलं तर धूर आत येईल. नाही उघडलं तर डॉक्टर कसा आणू? हात कडीवर, आणि हात हलेना. किती वेळ उभा होतो मला सांगता येत नाही. डोक्यात घण बसत होते.

मग काच फुटली. हाजरा बी होती. तिला काढून चार दिवस झाले होते, तरी आली होती. नंतर म्हणाली, बच्चे की आवाज तीन दिन से कान में नहीं थी, नींद नहीं आई. पहिल्या टेम्पोने आली, दार वाजवलं, कुणी उघडेना, मग अंगणातली वीट उचलली. फुटक्या काचेतून हात घालून माझ्या चार थरांना ओरबाडत होती आणि ओरडत होती, "खोल! अरे खोल, मार डालेगा क्या सबको!"

मी उघडलं. तिने निमूला पायांकडून धरलं, मी खांद्यांकडून. अंगणात, त्या धुरात, फरशीवर आणून ठेवलं. बाळाला तिने उलटं धरून पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली, एकदा, दोनदा. तिचा स्वतःचा दम उखडला होता. मी तिथे उभा राहून बाळाच्या तोंडावर पंचा धरायला गेलो. तिने माझा हात झटकला.

लीलाताईंच्या यजमानांनी जीप आणली. दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. बाई डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला, "कमरे में सिगड़ी थी?"

मी म्हणालो, "थी. पर धुआँ बिल्कुल नहीं था. मैंने खुद देखा था."

त्यांनी मग सांगितलं. बंद खोलीत निखारा धुमसतो त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. डोकं दुखतं, ओकारी होते, गुंगी येते, कातडी गुलाबी दिसते. फट असली तर निघून जातो. "कहीं कोई दरार नहीं थी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नव्हती. मीच बुजवल्या.

६ जानेवारी, सोमवार

सुमित्रा बरी आहे. निमू जागी झाली, बोलते, पण मध्येच शब्द हरवतो. बाळाला काल आकडी आली. डॉक्टर म्हणतात दूध ओढतोय हे चांगलं, बाकी दोन-तीन महिन्यांनी कळेल. रडतो, पण मांजराच्या पिलासारखं, बारीक. त्याच्याजवळ टाळी वाजवून बघावीशी वाटते आणि धीर होत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

हेमंतराव आले. रात्रभर उभ्याने प्रवास करून. बाळाला बघितलं, निमूचा हात धरून बसले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "आईचं बरोबर होतं. ही हवाच. ह्या गावची हवाच वाईट."

मी "हं" म्हणालो.

एवढंच. सगळं त्या एका अक्षरात निसटलं. दवाखान्यातले लोक, शेजारी, सगळेच म्हणताहेत की धुराने झालं. कुणी विचारलं तर मी मान हलवतो. आणि रात्री वही उघडली की एक तारखेचं पान पुन्हा वाचतो.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी हेमंतराव म्हणाले, "डॉक्टरांनी सोडलं की लगेच नेतो दोघांना. आईला ट्रंककॉल केला. तिने माडीवरची खोली तयार ठेवलीय. खिडक्यांना ब्लँकेटं ठोकून घेतलीत, खाटेखाली शेगडी. म्हणाली, भोपाळची हवा पोटात गेलीय, चाळीस दिवस बाहेरचा वारा म्हणून लागू देणार नाही."

मी चहा खाली ठेवला. त्या बाईचे शब्द ऐकू येत होते आणि आवाज माझा होता.

दवाखान्याच्या बाकावर बसवून त्यांना सगळं सांगितलं. टेप, गोधडी, झरोका. हाजरा बीला काढलं ते. कडीवर हात ठेवून उभा राहिलो तेही. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून समोरच्या भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीकडे बघत बोललो. "हवेने नाही झालं हेमंतराव. मी केलं. आणि तुमच्या आईने शेगडी ठेवली तर पुन्हा तेच होईल, शुद्ध हवेच्या गावातसुद्धा होईल."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "निमूला माहीत आहे?"

"तिला माझ्याआधी कळलं होतं. सांगतही होती."

ते उठले आणि थेट गेटसमोरच्या टेलिफोनवाल्याकडे गेले. लाइन लागायला तास लागला. मी लांबून बघत होतो. ते हात उडवून आईशी भांडत होते. आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवायच्या वेळी माझ्यापुढे डबा मात्र सरकवला.

११ जानेवारी, शनिवार

घरी आणलं. खिडक्या उघड्या. टेप खरवडून काढताना खळीबरोबर रंगही निघाला. शेगडी कुठे ठेवली सुमित्राने, मी विचारलं नाही. निमू स्वेटर आणि दोन रजया घेऊन झोपते. मी रात्री चार वेळा उठून दोघांच्या नाकाशी हात धरतो. उघड्या खिडकीची अजूनही भीती वाटते. बंद खिडकीची आता जास्त वाटते. कुठे उभं राहावं तेच कळत नाही.

छोल्याला गेलो होतो. हाजरा बी खाटेवर पडून होती, त्या दिवसापासून दम खाली बसलेला नाही. मी हात जोडले. म्हणाली, "बच्चा चीखता है?"

मी म्हणालो, बारीक.

"चीखेगा," ती म्हणाली, आणि खोकायला लागली. मला बसायला सांगितलं नाही. उभाच राहिलो आणि मग निघालो.

१४ जानेवारी, मंगळवार

उद्या दक्षिणेच्या गाडीने तिघं नागपूरला. काल संध्याकाळी वारा सुटला. आज दहाच्या सुमाराला धूर वर उठून विरला आणि आठवडाभरात पहिल्यांदा नाल्यापलीकडचं दिसलं.

निमू दुपटं गुंडाळलेलं बाळ घेऊन माझ्यासमोर आली. "बाबा, डॉक्टरांनी रोज थोडा वेळ बाहेर न्यायला सांगितलंय. तुम्ही न्या."

"हेमंतराव नेतील."

"तुम्हीच न्या," ती म्हणाली. तिला माझा राग आहे का, हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून बाळ मी हातात घेतलं नव्हतं.

घेतलं. अंगणात आलो, पायऱ्या एकेक करून. नाल्याकडून गार झुळूक आली आणि माझा हात आपसूक दुपट्याचं टोक त्याच्या तोंडावर ओढायला गेला. निमू दारातून बघत होती. मी टोक सोडलं. झुळूक त्याच्या तोंडावरून गेली. त्याने डोळे मिचकावले, नाक आक्रसलं, शिंकला. मी जागच्या जागी गोठलो. त्याने तोंड उघडलं, क्षणभर आवाजच नाही, आणि मग असं भोकाड पसरलं की लीलाताई हातातलं लाटणं घेऊन धावत बाहेर आल्या. "अहो, आत न्या ना त्याला, गारठेल!"

मी हललो नाही. तो लालभडक होऊन ओरडत होता, मुठी नाचवत होता, आणि मी सगळ्या ओळीसमोर उभा राहून त्याच्याइतकाच मोठ्याने रडत होतो.